जलरंगाचं चित्र दर वेळी मळकं होतंय? आधी चिखल कुठला ते ओळखा

तक्रार अशी आहे: पॅलेटवर रंग छान दिसतो. कागदावर पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला थर, दिला की मन खूश होतं. आणि तासाभराने तेच चित्र भिजलेल्या गोणपाटासारखं दिसायला लागतं. हिरवा शेवाळलेला, आभाळ राखाडी, दगड तपकिरी आहे की करडा ते सांगता येऊ नये असा. मग ‘थोडा उठाव देऊ या’ म्हणून आणखी एक थर चढतो आणि उरलंसुरलं तेजही घेऊन जातो.

माझं हे दोन वर्षं चाललं होतं. पुण्यात राहते, नोकरी सांभाळून रविवारी चित्रं काढते. शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिल्यावर थेट चाळिशीत ब्रश हातात घेतला. दर वेळी कुणीतरी एक उपाय सांगायचं, दोन रविवार चित्रं बरी व्हायची, तिसऱ्या रविवारी चिखल परत हजर. ब्रश बदलले. कागद बदलला, तो तर महिन्याच्या वाणसामानाच्या भावात. एकदा बाटलीबंद पाणीसुद्धा वापरून पाहिलं, हसू नका. शेवटी ज्यांच्याकडे शिकते त्या सरांनी विचारलं, “ताई, ताप आला की तुम्ही दर वेळी एकच गोळी घेता का?”

तिथून शोध सुरू झाला. मळकेपणा हे नुसतं लक्षण. त्यामागचे आजार मला आत्तापर्यंत चार सापडलेत आणि चौघांचं औषध निरनिराळं आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दोन रविवार बरं वाटतं, एवढंच.

पुढचं सगळं पारदर्शक जलरंगाबद्दल आहे. घरात एलिमेंटरीचं पोर असेल तर पोस्टर कलरबद्दल मध्ये थोडं लिहिलंय.

उदाहरणादाखल माझं सर्वांत जास्त वेळा बिघडलेलं चित्र घेते, मेणवलीचा घाट. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेकाठी, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे. काळ्या दगडाच्या पायऱ्या, वर झाडांची गर्दी, खाली पाणी, आणि देवळाशी टांगलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा, वसईच्या १७३९ सालच्या विजयानंतर इकडे आलेली. चित्रं काढणाऱ्यांची ही आवडती जागा. चिखल व्हायलाही हिच्याइतकी सोयीची जागा नाही: दगड काळा, झाडं काळपट हिरवी, पाणी हिरवट. डोळ्यासमोर उजळ असं काही नाहीच.

आधी तपासणी

ज्या कागदावर चित्र चाललंय त्याच कागदाचा कोरा तुकडा घ्या. संशय असलेला रंग त्यावर रुपयाच्या नाण्याएवढा लावा आणि पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे हाताची मागची बाजू टेकवली तर गारवा लागता कामा नये.

वाळलेला ठिपका तुकड्यावरच मळका दिसला, तर दोष मिश्रणात आहे. तुकड्यावर स्वच्छ दिसला पण चित्रात मळका, तर आणखी एक पायरी. पांढऱ्या पुठ्ठ्याला पंचिंग मशीनने एक भोक पाडा, चित्रातल्या त्या जागेवर धरा आणि फक्त भोकातून बघा. भोकातूनही मळका दिसत असेल तर पाणी आणि वेळेची गडबड. भोकातून चांगला दिसत असेल आणि पुठ्ठा काढल्यावर घाण, तर रंग निर्दोष आहे, शेजार वाईट आहे. चौथा आजार या चाचणीत पकडला जात नाही. तो खरा खोडकर, त्याच्याकडे शेवटी येते.

मिश्रणच मळलं असेल तर

शाळेत आपण पाठ केलेलं असतं: लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा. परीक्षेपुरतं ठीक. पण दुकानात ‘निळा’ नावाची ट्यूब मिळत नाही. मिळतो तो प्रशियन ब्लू किंवा अल्ट्रामरीन, आणि दोघांची वृत्ती वेगळी. प्रशियन हिरव्याकडे झुकलेला, अल्ट्रामरीन जांभळ्याकडे. लेमन यलोही हिरव्याकडे झुकतो. म्हणून प्रशियन आणि लेमन एकत्र आले की पोपटाच्या पंखासारखा हिरवा मिळतो. त्याच लेमनमध्ये अल्ट्रामरीन घाला, हिरवा येतो पण जरा दमलेला. कारण अल्ट्रामरीनच्या जांभळेपणात लालाचा अंश असतो, आणि लाल हा हिरव्याचा विरोधी, म्हणजे मिसळला की त्याचं तेज मारणारा. तुम्हाला वाटतं दोन रंग मिसळले, प्रत्यक्षात तिसरा चोरपावलांनी आत आलेला असतो.

जांभळ्याचं तसंच. जांभळ्याकडे झुकलेला लाल म्हणजे क्रिमझन, तो आणि अल्ट्रामरीन मिळून बरा जांभळा होतो. नारिंगीकडे झुकलेला लाल म्हणजे व्हर्मिलियन, तो आणि प्रशियन मिळून होतं ते वांग्याच्या भरताचं साल.

याहून मोठी फसगत तयार रंगांची. सॅप ग्रीन ही ट्यूब सगळ्यांकडे असते. पूर्वी हा रंग एका झुडपाच्या फळांच्या रसापासून करत. आता बहुतेक ठिकाणी ते हिरव्या-निळ्या आणि पिवळ्या रंगद्रव्यांचं तयार मिश्रण असतं. म्हणजे सॅप ग्रीनमध्ये थोडा बर्न्ट अंबर आणि सावलीसाठी थोडा पेन्स ग्रे घातलात, तर तुमच्या हिशेबी तीन रंग झाले, कागदाच्या हिशेबी पाच-सहा. प्रत्येक रंगद्रव्य उजेडाचा एक तुकडा गिळतं. सहा जण गिळायला बसले तर तुमच्या डोळ्यापर्यंत परत काय येणार?

म्हणून ट्यूबवर बारीक छापलेले रंगद्रव्यांचे कोड वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी २७ म्हणजे प्रशियन ब्लू. एका ट्यूबवर दोन-तीन कोड असतील तर ते मिश्रण. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसऱ्या कशाने ती छटा साधली आहे. यात वाईट काही नाही, फक्त माहीत हवं. स्वस्त संचांवर कोड नसतीलही, मग तुकड्यावर करून बघणं आलंच.

‘तीनपेक्षा जास्त रंग मिसळू नका’ हा नियम सगळे सांगतात. मला तो अर्धवट वाटतो. दोन रंगांचाही चिखल करता येतो आणि चारांचाही सुंदर करडा निघतो. खरी अट प्रमाणाची: मिश्रणात एक घरमालक हवा, बाकीचे पाहुणे. लाल आणि हिरवा निम्मे-निम्मे घातले तर भांडण. हिरवा भरपूर आणि लाल ब्रशच्या टोकाएवढा, तर तोच हिरवा प्लास्टिकच्या बादलीसारखा न दिसता झाडासारखा दिसायला लागतो.

विरोधी रंग एकमेकांना कसे शांत करतात हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पांढरं धोतर धुऊन धुऊन पिवळं पडलं की त्याला नीळ देतात. पुडीतली पारंपरिक नीळ म्हणजे साधारणपणे अल्ट्रामरीनच. निळा त्या पिवळेपणाला मारतो आणि कापड पांढरं भासतं. प्रमाण चुकलं तर धोतर आभाळी होतं, तेव्हा आजी कुणाला बोल लावायची ते आठवा.

माझा उपाय सांगते, पथ्यासारखा. दोन महिने फक्त दोन ट्यूब वापरल्या: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. बर्न्ट सिएना म्हणजे खरं तर गडद, दबलेला नारिंगी, म्हणून तो निळ्याचा विरोधी. कागदावर सात चौकोन आखा, एका टोकाला शुद्ध निळा, दुसऱ्या टोकाला शुद्ध सिएना, मधल्या पाचांत प्रमाण बदलत जा. मधोमध असा करडा मिळतो की मेणवलीचा दगड थेट त्यातून उचलून ठेवावा. थोडा निळ्याकडे नेला की सावलीतली पायरी, थोडा सिएनाकडे नेला की उन्हातली. वाळल्यावर त्यात बारीक कणी दिसेल, कारण अल्ट्रामरीन कागदाच्या खळग्यांत बसतो. त्याला चिखल समजू नका. दगडाला असा फुकटचा पोत दुसरा कुठला रंग देईल?

करडा आणि मळका यांतला फरक मला या सात चौकोनांच्या पट्टीने शिकवला. करड्याला कल असतो, तो निळसर तरी असतो नाहीतर तांबूस तरी. मळक्याला कुठलाच कल नसतो.

पॅलेटवर स्वच्छ, कागदावर मळका

याचं निदान सोपं आहे आणि पथ्य पाळणं महाकठीण, कारण यात काहीही न करता बसायचं असतं.

ओल्या कागदाची चकाकी बघा. चकाकतोय तोवर रंग सोडला तर तो पसरतो, मिसळतो, छान दिसतो. पूर्ण कोरडा झाल्यावर वरून रंग दिला तर थर थरावर बसतो. या दोन्हींच्या मधली जी अवस्था आहे, चकाकी गेली पण कागद गार, तिथे हात लावला की मेलं. खालचा रंग धड बसलेला नसतो, नवा ब्रश त्याला उखडतो, आणि ओलं पाणी शिरून फुलकोबीसारखे डाग पडतात. ते पुसायला आपण पुन्हा ब्रश फिरवतो. माझ्या पहिल्या वर्षातला निम्मा चिखल या तीन-चार मिनिटांतला आहे.

त्यात जलरंग वाळल्यावर फिकट होतो. ओला असताना बरोबर दिसलेला टोन, म्हणजे रंगाचा फिकट-गडदपणा, वाळल्यावर उतरतो, मग दुसरा थर, मग तिसरा. त्यापेक्षा पहिल्यांदाच रंग जरा जास्त दाट घ्या, घाबरून दूधपाणी करू नका. आणि ब्रश एकदा टेकवला की उचला. मागे-पुढे घासायची सवय घराची भिंत रंगवताना ठीक आहे.

पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाणी उचलायला. हे सगळ्यांना माहीत असतं आणि दुसऱ्या तासाला दोन्ही भांडी एकाच रंगाची झालेली असतात. तिसरं ठेवा.

कागदाबद्दल तीनच वाक्यं. साधा कार्ट्रिज पेपर दुसऱ्या-तिसऱ्या थराला लव सोडतो आणि ती लव रंगात मिसळून मळ धरते. सरावाला तो वापरा, पण मग एकाच थरात संपवायचं ठरवून बसा. थरांवर थर द्यायचे असतील तर ३०० जीएसएमचा जाड कागद लागतोच.

पोस्टर कलरवाल्यांसाठी इथेच. शासकीय रेखाकला परीक्षेच्या स्थिरचित्रात तांब्या, वांगं, मागे कापड असं काही मांडलेलं असतं आणि मुलं उजेडासाठी पांढरा, सावलीसाठी काळा मिसळून मोकळी होतात. सगळं चित्र खडूची धूळ बसल्यासारखं होतं. पांढरा रंगाला फिकट करतो तसा थंड आणि निस्तेजही करतो. काळा पिवळ्यात पडला तर चक्क शेवाळी हिरवा होतो. पितळी तांब्याच्या सावलीला काळ्याऐवजी बर्न्ट सिएना आणि त्यात किंचित निळा देऊन बघायला सांगा. झेंडूच्या फुलालाही तेच: सावलीची पाकळी नारिंगीकडे, मग तांबड्याकडे न्यायची. शिवाय पोस्टर कलरमध्ये फिकट रंग वाळल्यावर किंचित गडद होतात आणि गडद रंग फिकट, त्यामुळे ओल्या रंगावरून अंदाज बांधला की फसगत. तुकड्यावर वाळवून बघणं त्यांनाही चुकत नाही.

रंग निर्दोष, शेजार वाईट

पॅरिसमधल्या गोबेलँ या सरकारी विणकाम कारखान्यात एकोणिसाव्या शतकात मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळ्या लोकरीचा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्या भागांत विणली की ती निस्तेज दिसते. शेव्रल यांनी ती लोकर दुसरीकडच्या काळ्या लोकरींशी ताडून पाहिली. रंगाईत खोट नव्हती. खोट होती शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत: त्यांच्या सान्निध्यात काळ्याचा दम जात होता. या शोधावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे चित्रकारांच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या.

तीच गोष्ट आपल्या चित्रात रोज घडते. करडा रंग नारिंगीशेजारी ठेवला की निळसर भासतो, हिरव्याशेजारी ठेवला की तांबूस. मेणवलीत मी पायऱ्यांचा करडा अगदी पट्टीवरून मोजून लावला होता. पण वर सॅप ग्रीनचं भडक झाड होतं. त्या हिरव्यापायी दगड तांबूस, घाणेरडा, चहा सांडल्यासारखा दिसायला लागला. मी तीन वेळा दगड दुरुस्त केला. दुरुस्ती झाडाला हवी होती. त्यावर पातळ सिएनाचा एक हात फिरवला, झाड जरा शांत झालं आणि दगड आपोआप स्वच्छ झाला. दगडाला मी बोटही लावलं नाही. त्या दिवशी मला चिडचिड झाली की हे मला आधी कुणी का सांगितलं नाही, आणि मग आठवलं की सरांनी दोनदा सांगितलं होतं.

शेजाराचा दुसरा प्रकार टोनचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत जास्त आढळतो. रंग वेगवेगळे पण फिकट-गडदपणा सारखाच. हिरवं झाड, करडा दगड, निळसर पाणी, तिन्ही मध्यम. डोळ्याला कळतच नाही एक संपून दुसरं कुठे सुरू झालं, आणि मेंदू त्याला ‘मळकं’ म्हणून मोकळा होतो. फोनने फोटो काढा, ब्लॅक अँड व्हाइट करा. चित्र एकसारखं राखी दिसलं तर रंगांच्या मागे लागू नका, टोनच्या मागे लागा. फोन जवळ नसेल तर डोळे किलकिले करून बघा. हा उपाय फोनपेक्षा जुना आणि बऱ्याचदा जास्त भरवशाचा.

इथे सावळाराम हळदणकरांचं चित्र आठवतं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं. सावंतवाडीचे हळदणकर (१८८२–१९६८) जलरंगातले मोठे नाव. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा उजेड. लोक विचारतात की तो उजेड कुठल्या पिवळ्याने काढला. पण कागदापेक्षा उजळ पिवळा कुठल्याच ट्यूबमध्ये नसतो. ते तेज भोवतीच्या अंधाराचं आहे, आणि तो अंधार किती दूरपर्यंत, किती हळूहळू गडद होत नेलाय ते बघत राहावं. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे राखून ठेवलेला कागद. तो आधी वाचवावा लागतो, मागाहून आणता येत नाही.

सगळं केलं, तरी चिखल परत आला

आता तो चौथा. मिश्रण स्वच्छ, कागद कोरडा, शेजार बरा, टोन माहीत. तरी दर तिसऱ्या चित्राला तोच शेवट. मी एकदा स्वतःच्याच चित्राचे दर दहा मिनिटांनी फोटो काढले. विसाव्या मिनिटाला चित्र छान होतं. तिसाव्याला बरं. पन्नासाव्याला गेलं. त्या मधल्या वेळात मी काय करत होते? पायऱ्यांवरून झाडाकडे, झाडावरून पाण्याकडे, पाण्यावरून पुन्हा पायऱ्यांकडे. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं. कुठे थांबायचं ते मला माहीत नव्हतं, कारण चित्र कशाचं आहे हेच ठरवलेलं नव्हतं.

म्हणजे चिखल रंगात होता खरा, पण तो तयार होत होता रचनेत.

क्षितिज बरोबर मध्यावर. आभाळ आणि झाडं निम्मी, घाट आणि पाणी निम्मं. घंटेचं देऊळ डावीकडे, त्याला तोल म्हणून उजवीकडे तेवढंच झाड. पायऱ्यांच्या सगळ्या रेषा तिरक्या धावत कागदाच्या उजव्या कडेतून बाहेर. सगळीकडे सारखाच तपशील, पानंही मोजून घ्यावीत अशी आणि दगडांचे सांधेही. बघणाऱ्याचा डोळा ठरत नाही म्हणून काढणारीचा हातही ठरत नाही. ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटतं, आणि हातात ब्रश असल्यामुळे उत्तर रंगातच शोधलं जातं.

सरांचा उपाय मला सुरुवातीला पोरकट वाटला होता. काडेपेटीएवढे तीन चौकोन काढायचे आणि ६बी पेन्सिलने तीनच टोनमध्ये चित्र मांडायचं: कागदाचा पांढरा, मधला, काळा. तपशील नाही, घाट नाही, देऊळ नाही, नुसते आकार. एका चौकोनाला दोन मिनिटं. अट एकच, तिन्ही टोनना जागा सारखी वाटायची नाही. एकाला निम्म्याहून जास्त, एकाला बरीच, एकाला चिमूटभर. जेवणाच्या ताटासारखं समजा: भात, भाजी आणि लोणचं सारख्याच ढिगाने वाढलं तर कोण जेवेल?

मेणवलीत मी पहिल्या चौकोनात घंटा घेतली, कारण घंटा प्रसिद्ध आहे. जमेना, घंटाही गडद, तिच्यामागचा भागही गडद. दुसऱ्यात वाड्याची भिंत. तिसरा काढत असताना खालच्या पायरीवर एक बाई कपडे धूत होत्या, त्यांनी एक पांढरं कापड पिळून काळ्या दगडावर पसरलं. तिथेच चित्र मिळालं. सगळ्यांत फिकट आणि सगळ्यांत गडद एकमेकांना फक्त त्या एका जागी भिडणार, बाकी सगळीकडे मध्यम. देऊळ नुसती एक सावली झालं, घंटा गेलीच. क्षितिज एवढं वर सरकवलं की आभाळाची पट्टीच उरली. पायऱ्या बाहेर पळत होत्या, त्यांना अडवायला उजवीकडे एका झाडाचं गडद खोड आडवं आणलं. ते खरं तर दहा पावलं मागे होतं. चित्रापुरतं पुढे आणलं, झाडाने तक्रार केली नाही.

ते चित्र पस्तीस मिनिटांत झालं आणि मळलं नाही. रंग तेच, कागद तोच. फरक इतकाच की प्रत्येक जागेला आपण किती महत्त्वाची ते आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे कुठेही तिसऱ्यांदा जावं लागलं नाही.

चित्राचे तीन भाग करून छेदबिंदूवर मुख्य वस्तू ठेवायचा नियम तुम्ही ऐकला असेल. वापरा, पण त्याच्यावर विसंबू नका. माझी बिघडलेली कितीतरी चित्रं त्या नियमात चपखल बसतात.

या चौथ्या आजाराची ओळख लक्षात ठेवायला सोपी आहे. हातात ब्रश घेऊन तुम्ही ‘आता काय करू?’ असं म्हणालात, की तो आला समजा. ब्रश खाली ठेवा, पेन्सिल घ्या, काडेपेटी काढा. अर्ध्या चित्रातसुद्धा चालतं.

मळलेलं चित्र वाचतं का

थोडंफार. पूर्ण वाळू द्या. मग स्वच्छ ओल्या ब्रशने ती जागा हलक्या हाताने भिजवून टिश्यूने टिपा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलला जातो; प्रशियन ब्लू कागदाला डाग देऊन बसतो, त्याच्याशी कुस्ती नको. घासून कागदाची लव निघाली तर तो भाग कायमचा गेला. दुसरा उपाय म्हणजे मळक्या जागेला हात न लावता तिच्याशेजारी एक ठाम गडद आकार देणं. शेव्रलचा नियम तुमच्या बाजूने वापरायचा. पांढऱ्या पोस्टर कलरचे एक-दोन ठिपके शेवटी चालतात, दहा नाही.

आणि तेही जमलं नाही तर काळ्या पुठ्ठ्याच्या दोन एल आकाराच्या पट्ट्या कापा, त्यांची लहानमोठी चौकट करून चित्रावर फिरवा. मोठ्या कागदात बहुतेक वेळा पोस्टकार्डाएवढा एक तुकडा जिवंत सापडतो. तेवढा कापून घ्या. माझ्या पहिल्या सहा मेणवल्यांमधून असे चार तुकडे निघाले. ते टेबलासमोरच्या भिंतीवर आहेत आणि चारांपैकी तिघांत झाड नाही, यावरून मी सॅप ग्रीनची ट्यूब सहा महिने कपाटात ठेवून दिली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पावसाळ्यात वाईला गेलं की पहिला वॉश वाळायलाच अर्धा-पाऊण तास लागतो आणि मधल्या त्या धोक्याच्या अवस्थेत माझा हात जातोच. घरी असताना हेअर ड्रायर असतो, घाटावर कुठून आणणार? सध्या दोन कागद घेऊन बसते. एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काडेपेट्या काढते, आणि तरीही राहवलं नाही तर उठून घंटा बघून येते.